विहिरीच्या दारात

कॉलरला माईक लावलाय हे आक्का विसरल्या, आणि पुढचं सगळं त्या एका विसरण्यातून घडलं.

दुपारची वेळ होती. जत्रेच्या मैदानावरचे झोके, पाळणे अजून थंड पडले होते. लाकडी विहिरीच्या जिन्याखाली, सावलीत, ध्वनिमुद्रणवाली पोरगी खोक्यावर बसून, रेकॉर्डर चालू ठेवून, आवाजाची पातळी जुळवत होती. युनिटमध्ये तिला सगळे ‘कान’ म्हणायचे. ते नाव दिग्दर्शकाने पाडलं होतं. कॅमेरा चालवणारा तो ‘डोळा’ आणि आवाज धरणारी ती ‘कान’. मग दिग्दर्शक कोण, असा प्रश्न निघाला तेव्हा डोळ्याने जराही विचार न करता ‘तोंड’ म्हणून टाकलं. ते नाव अर्थातच पाठीमागे वापरायचं होतं.

विहीर म्हणजे पाण्याची नव्हे. जाड फळ्या उभ्या जोडून केलेलं ते अवाढव्य गोल पिंप होतं. तळाशी थोडा उतार, आणि मग सरळ उभी भिंत. लोक बाहेरच्या जिन्याने वर चढायचे आणि काठावरून आत वाकून बघायचे. खाली मोटरसायकल सुरू व्हायची, गोल गोल फिरत उतारावर यायची, तिथून भिंतीवर. मग चालवणारा चक्क आडवा होऊन भिंतीवरून धावायचा. वेग आहे तोवर भिंत सांभाळते. वेग मोडला की खाली फळ्या आहेतच.

आक्कांनी वयाची तिशी गाठायच्या आत या भिंतीवर हात सोडून चालवायला सुरुवात केली होती. आता पन्नाशी उलटली होती. हात सोडून, डोळे मिटून, मान मागे टाकून त्या काठाच्या इतक्या जवळून जायच्या, की वरच्या बायका किंचाळून मागे सरायच्या. ‘‘डोळे का मिटता?’’ असं दिग्दर्शकाने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. आक्का म्हणाल्या, ‘‘उघडे ठेवले तर लोक दिसतात. मला भिंत हवी असते.’’ त्या वाक्यावर तोंडमहाशय लट्टू झाले आणि फिल्म करायचं ठरलं. त्याला आता दोन वर्षं होत आली होती.

फिल्ममध्ये सगळं आलं होतं. शेवट तेवढा नव्हता. वर्षभरापासून आक्का लोकांसमोर गाडी चालवत नव्हत्या. गुडघा दुखतो म्हणायच्या. दोन तरुण चालक खेळ करायचे आणि आक्का तळाशी उभ्या राहून त्यांना शिव्या घालायच्या. आज मात्र त्या स्वतः चालवणार होत्या. मैदान उठण्याआधीचा हा शेवटचा खेळ होता. तीन कॅमेरे लागले होते, आक्कांच्या कातडी जाकिटाच्या कॉलरखाली माईक बसला होता, आणि आक्का तशाच आपल्या ट्रकमधल्या खोलीत पाणी प्यायला गेल्या होत्या.

कानचा एक नियम होता. शूटिंग थांबलं आणि माईक माणसाच्या अंगावर राहिला, की आपण बटण खाली करायचं. लोक काय काय बोलतात! आपल्याला ऐकवायला म्हणून नाही बोलत. आजही तिचं बोट बटणाकडे गेलं होतं. तेवढ्यात हेडफोनमध्ये धाकटीचा आवाज आला. धाकटी म्हणजे आक्कांची बहीण, तिकीट खिडकीवर बसायची.

‘‘सकाळी परत आली ना?’’

‘‘हळू बोल.’’

‘‘इथे कोण ऐकतंय? आली ना?’’

‘‘आली,’’ आक्का म्हणाल्या. ‘‘उजव्या कानात घूं घूं झालं आणि खोली कलली. पलंग धरून बसले. गेली मग.’’

‘‘डॉक्टर काय म्हणाले होते? जिना उतरतानासुद्धा कठडा सोडू नका. आणि तू भिंतीवर चढायला निघालीस! वर हात सोडून!’’

‘‘गुडघ्याचं कारण किती दिवस पुरवू मी?’’

‘‘मग खरं सांग त्यांना.’’

‘‘काय सांगू? दोन वर्षं ती पोरं माझ्या मागे उन्हातान्हात फिरतायत. सगळं अडलंय ते माझ्यापायी. एकदा हात सोडले की त्यांचा शेवट होईल, माझाही.’’

‘‘शुभ बोल गं.’’

‘‘खेळाचा शेवट म्हणतेय मी, बावळट.’’

धाकटी रडत होती. हेडफोनमध्ये तिचं हुंदके गिळणंसुद्धा स्पष्ट येत होतं. कानने बटण खाली केलं, पण उशीर झाला होता. कळायचं ते कळलं होतं.

तिने उठून विहिरीला एक फेरी मारली. हे आपलं नाही, असं तिने स्वतःला बजावलं. ऐकलं ते चोरून ऐकलंय. आणि आक्का काही लहान नाहीत. मग तिच्या डोळ्यांसमोर ती भिंत आली, त्या भिंतीवर आडव्या झालेल्या आक्का आल्या, आणि आक्कांचं ‘खोली कलली’ आलं. ती जिना चढून वर गेली.

दिग्दर्शक काठावर ओणवा होऊन एका कॅमेऱ्याचा कोन बघत होता.

‘‘आज नको करूया,’’ ती म्हणाली.

‘‘काय नको?’’

‘‘आक्कांचं चालवणं.’’

तो सरळ उभा राहिला. ‘‘माईकचं काही बिघडलंय का?’’

‘‘नाही.’’

‘‘मग?’’

सांगावं तर आक्कांनी सख्ख्या बहिणीला हळू बोल म्हणून बजावलेलं याच्या कानावर घालायचं. आणि याच्या कानावर पडलं की त्याला त्यात पहिल्यांदा काय दिसेल, हेही तिला ठाऊक होतं. त्याला शेवट दिसेल. गुडघ्यापेक्षा कितीतरी चांगला शेवट. तो माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर तिला सोपं गेलं असतं.

‘‘त्यांची तब्येत बरी वाटत नाहीये,’’ ती कशीबशी म्हणाली.

‘‘मी आत्ता बोललो त्यांच्याशी. ठणठणीत आहेत. हे बघ, मी त्यांना एकदा तरी चालवा म्हटलंय का? एकदा तरी? ‘तुमची इच्छा असेल तरच,’ दर वेळी हेच म्हणालो. त्यांनीच काल येऊन सांगितलं, उद्या करते.’’

अगदी खरं होतं. गेलं वर्षभर तो दर आठवड्याला फोन करून ‘तुमची इच्छा असेल तरच’ म्हणत होता.

जिन्याच्या पायथ्याशी धाकटी उभी होती. डोळे पुसून आलेली. कानच्या गळ्यातले हेडफोन तिने पाहिले आणि मग तिचा चेहरा पाहिला. काय ते तिला समजलं.

‘‘तू ऐकलंस?’’

कानने मान डोलावली.

‘‘मग काहीतरी कर बाई. मला तोंड उघडायची बंदी आहे. आईची शपथ घातलीय तिने.’’

आक्का विहिरीमागे मोटरसायकलच्या चेनला तेल देत होत्या. कान त्यांच्याजवळ गेली, माईक नीट करतेय असं दाखवत कॉलरखालचा खटका बंद केला आणि म्हणाली, ‘‘आक्का, मघाशी हा चालू होता.’’

आक्कांचा हात चेनवरच थांबला.

‘‘किती ऐकलंस?’’

‘‘सगळं.’’

आक्का उठल्या. तेलाचा फडका त्यांनी इतक्या जोरात आपटला की कान दचकून मागे सरली. ‘‘लाज नाही वाटली? माझ्या खोलीत? माझ्या बहिणीशी बोलत होते मी!’’

‘‘वाटतेय,’’ कान म्हणाली. ‘‘पण तुम्ही चालवू नका.’’

‘‘तू कोण सांगणारी? भिंतीबद्दल तुला काय माहितीय? चक्कर थांबल्यावर येते मला. बसले की येते, झोपले की येते. चालवताना नाही येत. एवढीच एक जागा उरलीय जिथे सगळं सरळ असतं, कळलं?’’

त्यांचा आवाज चिरला होता. कानला क्षणभर वाटलं, खरंच असेल. हिला तिथे बरं वाटत असेल, तर आपण कोण ते काढून घेणार? पण दुसऱ्यांचे आवाज ऐकण्यात तिचं आयुष्य गेलं होतं, आणि ‘नाही येत’ म्हणताना आक्कांचा श्वास अडकलेला तिला ऐकू आला होता.

‘‘कधीच नाही आली? भिंतीवर?’’

पलीकडे कुणीतरी पाळण्याचं यंत्र सुरू केलं. मैदान जागं होत होतं.

‘‘एकदा,’’ आक्का म्हणाल्या. ‘‘गेल्या महिन्यात सकाळी एकटीच सराव करत होते. वरचा काठ खाली गेल्यासारखा वाटला. हँडल घट्ट धरलं, वेग ठेवला, उतरले. उतरता येतं मला.’’

‘‘हात सोडलेले असते तर?’’

आक्कांनी चेनवरून बोट फिरवलं.

‘‘ही फिल्म नसती, तर आज चालवली असती का तुम्ही?’’

खाली वाकून आक्कांनी फडका उचलला, झटकला आणि घडी घालून सीटखाली खोचला. ‘‘नसती,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आणि आता तू त्या तुझ्या साहेबाला एक अक्षर जरी सांगितलंस, तर जन्मात तुझं तोंड बघणार नाही. सगळ्या मैदानात मी म्हातारी झाले म्हणून बोंब नको आहे मला.’’

तेवढ्यात घंटा झाली. बाहेरच्या जिन्यावर लोकांचे पाय वाजायला लागले. धडधड धडधड, सगळी विहीर हादरत होती. आक्कांनी हातमोजे चढवले, कॉलर झटकली आणि म्हणाल्या, ‘‘खटका चालू कर.’’

कानने खटका चालू केला.

विहिरीला एकच दार होतं. गाडी आत गेली की दारवाला ते बाहेरून लावून अडणा घालायचा. दार लागलं की ते भिंतीचाच भाग व्हायचं. दार उघडं असलं तर भिंतीत भोक राहायचं आणि गाडी चढवता यायची नाही. रोज दार लावायच्या आधी सगळ्यांना बाहेर काढायचे. एकटी कान शेवटपर्यंत आत घुटमळायची, कारण तळाशी एक माईक ठेवायचा असायचा.

आक्कांनी गाडी आत ढकलली आणि मधोमध उभी करून किक मारली. इंजिन धडाडलं. बंद जागेत तो आवाज छातीवर आदळायचा. वर गोल काठावर माणसं माणसांना चिकटून उभी होती. डोळा कॅमेऱ्याला डोळा लावून होता आणि त्याच्या शेजारी दिग्दर्शक दोन्ही मुठी आवळून. आक्कांनी मान वर करून सगळ्यांना हात केला. टाळ्या झाल्या.

कानने तळाशी माईक ठेवला, वळली आणि दारापर्यंत आली. दारवाला बाहेर अडणा घेऊन उभाच होता. ‘‘चला बाई,’’ तो म्हणाला.

ती उंबरठ्यावर आली आणि खाली बसली.

ठरवून केलं असं नव्हतं. पायच पुढे जाईनात. ती बसली आणि बसल्यावर तिला समजलं की आता आपण उठणार नाही. एक पाय आत, एक बाहेर. दोन्ही हातांनी तिने चौकट धरली.

‘‘अहो, दार लावायचंय,’’ दारवाला म्हणाला.

‘‘नका लावू.’’

‘‘बरं नाही का वाटत?’’

‘‘बरं वाटतंय. उठणार नाही मी.’’

वर कुणाला काही कळत नव्हतं, दार लागत नाहीये एवढंच दिसत होतं. लोकांनी काठाच्या फळ्या बडवायला सुरुवात केली, शिट्ट्या आल्या. आक्का गाडीवर बसून इंजिन गुरगुरत ठेवत होत्या. त्यांनी कानकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा झाला, की कानने नजर खाली केली. पण हात सोडले नाहीत.

दिग्दर्शक जिना उतरून धावत आला. ‘‘काय चाललंय काय? ऊठ!’’

‘‘नाही.’’

‘‘का?’’

‘‘सांगणार नाही.’’

‘‘सांगणार नाही म्हणजे?’’ त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. ‘‘तीनशे माणसं उभी आहेत वर! आक्का गाडीवर आहेत! वेड लागलंय का तुला?’’

‘‘लागलं असेल.’’

त्याने तिचा दंड धरून ओढला. तिच्या हाताचं सालटं निघालं, पण चौकट सुटली नाही. ‘‘हे बघ,’’ तो दात आवळून म्हणाला, ‘‘आत्ता उठली नाहीस तर तुझा माझा संबंध संपला. या फिल्मवर तुझं नाव राहणार नाही. कुठल्याच फिल्मवर राहणार नाही, याची सोय करीन मी.’’

‘‘करा.’’

दारवाला वाकून तिच्या काखेत हात घालायला निघाला. दोघांनी मिळून उचललं असतं तर ती काय टिकणार होती? चिमूटभर जीव. तिला ते कळत होतं. दोन पुरुष, एक झटका, अडणा पडणार आणि मग हात सोडलेल्या आक्का. तिने डोळे गच्च मिटून घेतले.

आणि इंजिन बंद झालं.

इतक्या गोंगाटानंतर ती शांतता कानात खुपली. वरच्या शिट्ट्यासुद्धा थांबल्या. आक्का गाडीवरून उतरल्या. एक पाय टेकला, दुसरा टेकला, आणि तिथेच त्यांचा तोल गेला. त्यांनी हवेत हात टाकला, धरायला काही नव्हतं. गाडी एका बाजूला पडली, आक्का दुसऱ्या बाजूला गुडघ्यांवर. दोन्ही तळवे फळ्यांवर दाबून त्या मान खाली घालून राहिल्या. जणू जमीन निसटून जाईल म्हणून धरून ठेवली होती.

कान उठून आत धावली. मागून धाकटी आली. कुठून आली कुणास ठाऊक, तिकिटं सोडून.

‘‘हात लावू नका,’’ आक्का खालूनच म्हणाल्या. ‘‘थांबा. जाईल.’’

दिग्दर्शक दारात खिळून राहिला होता. आक्कांनी मान न उचलता त्याला हाक मारली. ‘‘बाबा रे, गुडघा धडधाकट आहे माझा. कान गेलाय. आतला. तोल जातो. तिला ओरडू नकोस. तिने तुला सांगितलं नाही ते माझ्यामुळे.’’

मग त्याने वर पाहिलं. काठावर डोळा उभा होता, पण कॅमेऱ्यामागे नव्हता. आक्का पडल्या तेव्हाच त्याने भिंग टोपी लावून झाकलं होतं, कुणी न सांगता. दिग्दर्शकाचं तोंड उघडलं, मिटलं. त्याने उरलेले दोन कॅमेरे बंद करायची खूण केली आणि आत येऊन पडलेली गाडी उचलून उभी केली. त्याला ती जड जात होती. कुणी मदतीला गेलं नाही, त्यानेही मागितली नाही.

त्या दिवशीचा खेळ तरुण चालकांनी केला. लोकांनी आधी कटकट केली, मग टाळ्या वाजवल्या. आक्का आपल्या खोलीत पडून होत्या आणि धाकटीने दार आतून लावून घेतलं होतं. कान बाहेर पायरीवर बसून राहिली. दिवे लागले तरी दार उघडलं नाही. मग ती सामान आवरून गेली.

दिग्दर्शकाने तिचं नाव काढलं नाही. माफीही मागितली नाही. काही आठवड्यांनी फोन करून एवढंच म्हणाला, ‘‘मी आक्कांकडे जाऊन आलो. त्या दिवसाचं काय ठेवायचं आणि काय नाही, ते त्यांनाच विचारलं.’’

‘‘काय म्हणाल्या?’’

‘‘म्हणाल्या, इंजिन बंद होतं तिथपर्यंत ठेव. पुढचं जे काही असेल ते पुसून टाक.’’ जरा थांबून तो म्हणाला, ‘‘आणि खोलीतलं जे रेकॉर्ड झालं होतं म्हणाल्या त्या...’’

‘‘ते पुसलं मी. त्याच दिवशी.’’

‘‘बरं केलंस.’’ त्याला ते मनापासून म्हणायला जड गेलं, हेही तिला ऐकू आलं.

आक्का मात्र तिच्याशी बोलल्या नाहीत. कानने फोन केले, धाकटीने उचलले. बरी आहे, औषधं चालू आहेत, मैदानावर जाते, पोरांना शिव्या घालते, असं ती सांगायची. आक्कांकडे द्या म्हटलं की पलीकडे कुजबुज व्हायची आणि मग धाकटी म्हणायची, ‘‘आत्ता कामात आहे गं ती.’’

फिल्म पहिल्यांदा दाखवली तेव्हा आक्का आल्या. इस्त्रीचे कपडे, धाकटीचा हात धरून. कान मागच्या रांगेत बसली होती. पडद्यावर आक्का भिंतीवर आडव्या झाल्या, त्यांनी हात सोडले, डोळे मिटले, आणि सगळं सभागृह श्वास रोखून बसलं. दोन वर्षांपूर्वीचं ते दृश्य होतं. खुर्चीतल्या आक्का प्रत्येक वळणाला डावीकडे झुकत होत्या. आपण झुकतोय हे त्यांना ठाऊक नसावं. शेवटी विहीर, उघडं दार, दारात बसलेली एक किरकोळ पोरगी, तिच्यावर ओरडणारा दिग्दर्शक. त्याने स्वतःचं ओरडणं कापलं नव्हतं. आणि मग इंजिन बंद झालं.

दिवे लागल्यावर लोकांनी आक्कांना गराडा घातला. गर्दी ओसरेपर्यंत कान भिंतीला टेकून उभी राहिली. शेवटी आक्का तिच्यासमोर आल्या.

‘‘तू बसली नसतीस तर मी चालवली असती,’’ त्या म्हणाल्या.

‘‘हो.’’

‘‘आणि नीट उतरले असते.’’

‘‘असेल.’’

‘‘असेल नाही. उतरले असते.’’ आक्कांनी ओठ घट्ट मिटले. मग हळूच म्हणाल्या, ‘‘किंवा नसते. ते आता कधीच कळायचं नाही. आयुष्यभर मी रोज ते पडताळून बघत होते, आणि नेमकं ते एक राहिलं. त्याचाच राग आहे मला तुझ्यावर.’’

‘‘माहितीय मला.’’

‘‘जाईल असं वाटत नाही.’’

धाकटी दोघींकडे आळीपाळीने बघत होती. आक्कांनी पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि दाराकडे वळता वळता म्हणाल्या, ‘‘जेवलीस का?’’

‘‘नाही अजून.’’

‘‘मग चल. हिने ढीगभर करून ठेवलंय, आणि खाणाऱ्या आम्ही दोघीच.’’